उन्हावर उन्हाचाच उतारा!

बालमित्रांनो, मे महिन्यात सांगलीच्या बाजारात मोटार उन्हात उभी केली आणि तासाभराने दार उघडले, तर काय होते? गरम झोत तोंडावर येतो आणि सीटवर बसणारा "आई गं!" म्हणून ताडकन उठतो. बाहेर ३० अंश सेल्सिअस असले, तरी बंद मोटारीत तासाभरात पारा पन्नाशीच्या आसपास जातो.

आता मोटारीमागे जोडलेली एक छोटी खोली डोळ्यांसमोर आणा. आत झोपायला फळ्या, एक टेबल, एक शेगडी. चला सुट्टीत महाबळेश्वरला, नाहीतर कोयनेच्या काठी! हिला कॅराव्हॅन किंवा ट्रेलर म्हणतात. अशा सहलींसाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये खास धोरण जाहीर केले. पण पत्र्याची ही खोली दुपारी उन्हात राहिली, की तिची भट्टी होते. खिडक्या उघड्या टाकून फिरायला जावे, तर माकडांची भीती! मग करायचे काय?

उत्तर आजीच्या कौलारू स्वयंपाकघरात आहे. तिथे छपरात धुराडे असते. गरम हवा हलकी, ती वरून निघून जाते आणि दारातून गार हवा आत येते. तासगावकडे बेदाण्याची शेडही बाजूंनी मोकळी असते. वारा खेळता राहतो, द्राक्षांतले पाणी घेऊन जातो आणि सुमारे पंधरा दिवसांत बेदाणा तयार!

ट्रेलरलाही तसेच धुराडे करायचे. छपरात हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा बसवायचा आणि सावलीच्या बाजूला, खाली, हवा आत यायला जाळीची खिडकी ठेवायची. ही खिडकी विसरलात, तर पंखा नुसताच गरगरेल!

वीज? ती छपरावरच पडते आहे. सिलिकॉनच्या एका सौरघटातून जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो. पण असे ३६ घट एकापुढे एक जोडले, की १२ व्होल्टचा पंखा चालवणारे पॅनेल होते. छोट्या पंख्याला ५ वॅट लागतात, म्हणून १० वॅटचे पॅनेल पुरते. ट्रेलर ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, २ मीटर उंच असेल, तर आत १२ घनमीटर हवा. पंख्याने मिनिटाला १ घनमीटर बाहेर फेकली, तर बारा मिनिटांत आतल्या हवेइतकी नवी हवा आत येते!

यातली खरी गंमत अशी : ऊन कडक झाले, की पंखा जोरात फिरतो. ढग आला, की मंदावतो. पण तेव्हा खोलीही कमी तापते. गरज आणि वीज हातात हात घालून येतात, म्हणून दिवसा बॅटरीही लागत नाही. रात्री मात्र लागते. महाबळेश्वरच्या थंडीत चौघे जण दार लावून झोपले, तर श्वासातल्या वाफेने काचा ओल्या होतात. आणि शेगडी पेटवताना खिडकी उघडीच हवी. कोंडलेल्या धुरात विषारी वायू असतो, तिथे छोट्या पंख्यावर विसंबू नका.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पंखा बाहेरचीच हवा आत आणतो, त्यामुळे आतली हवा बाहेरच्यापेक्षा गार होत नाही. लहान मुलाचे अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापते. म्हणून पंखा असो वा नसो, धाकट्या भावंडाला बंद गाडीत एकटे ठेवायचे नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही! आईबाबा विसरले, तर तुम्ही आठवण करा.

करून पाहा : बुटांची दोन खोकी घ्या. दोन्हींना वरून पारदर्शक प्लास्टिक लावा. एकाला खाली आणि वर भोके पाडा, दुसरे बंद ठेवा. दोन्हींत सावलीच्या कोपऱ्यात तापमापक ठेवून खोकी अर्धा तास उन्हात ठेवा. कोणता आकडा मोठा आला? वहीत लिहा आणि वर्गात सांगा!