वेग गाडीत नको, कॅमेऱ्यात असू द्या



पेडण्याहून केरीला किंवा डिचोलीहून नार्व्याला जाताना हल्ली एखादी तरी मोटारसायकल अशी दिसते, की जिच्या हँडलवर काडेपेटीहून थोडा मोठा कॅमेरा बसविलेला असतो. यालाच अॅक्शन कॅमेरा म्हणतात. शाळेतील मुलांना त्याचे मोठे आकर्षण आहे. हा कॅमेरा गाडीवर कसा बसवावा आणि टिपलेल्या चित्रणातून पाहण्याजोगी फीत कशी तयार करावी, हे या लेखात पाहू. त्याबरोबर आणखी एक गोष्ट पटवून द्यायची आहे. अशा फितींत जो वेग दिसतो, तो मुख्यतः कॅमेऱ्याच्या जागेतून आणि भिंगातून येतो. हे ज्याला कळले, त्याला चांगल्या फितीसाठी गाडी जोरात हाकावी लागत नाही.

थोडा इतिहास

अमेरिकेतील निक वुडमन या तरुणाला समुद्राच्या लाटांवर फळीने स्वार होण्याचा छंद होता. लाटेवर असतानाच फोटो काढता यावा म्हणून त्याने कॅमेरा मनगटाला बांधण्याचा पट्टा करून पाहिला. त्यातून २००२ साली कंपनी सुरू झाली आणि २००४ साली ‘गोप्रो’चा पहिला कॅमेरा बाजारात आला. तो साधा ३५ मिलिमीटर फिल्मचा होता. चलच्चित्रण आणि हादरे शोषणारी यंत्रणा या गोष्टी पुढे आल्या. आज इतर अनेक कंपन्याही असे कॅमेरे करतात.

धावत्या गाडीवर कॅमेरा बांधण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. फ्रेंच दिग्दर्शक क्लोद ललूश यांनी १९७६ साली मोटारीच्या पुढच्या बंपरवर कॅमेरा बांधून पहाटेच्या पॅरिसमध्ये सुमारे ८ मिनिटांची एक सलग फीत घेतली. पाहणाऱ्याला वाटते की एखादी फेरारी सुसाट धावते आहे. प्रत्यक्षात गाडी मर्सिडीज होती आणि फेरारीचा आवाज मागाहून जोडलेला होता. रस्ते बंद न करता, लाल दिवे ओलांडत केलेले ते धाडस कोणाच्याही जिवावर बेतले असते. त्याचे अनुकरण मुळीच करू नये. पण त्यातून शिकायचे ते हे, की कॅमेरा जमिनीलगत ठेवला आणि आवाज बदलला की वेगाचा भास किती वाढतो.

वेग दिसतो कसा?

आगगाडीच्या खिडकीतून पाहताना जवळचे खांब झरझर मागे जातात आणि दूरचा डोंगर जागचा हलत नाही. कॅमेऱ्याचेही तसेच असते. रस्ता चित्रात किती वेगाने सरकताना दिसेल, हे गाडीच्या वेगाला कॅमेऱ्याच्या उंचीने भागून ठरते. चालकाच्या हेल्मेटवरचा कॅमेरा जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतो. लेगगार्डवर बसवलेला अर्धा मीटर. म्हणजे उंची एक तृतीयांश झाली आणि डांबर तिप्पट वेगाने सरकताना दिसले. लेगगार्डवरून ताशी ४० किलोमीटरने घेतलेला रस्ता हेल्मेटवरून ताशी १२० ने घेतल्यासारखा भासतो! शिवाय या कॅमेऱ्यांचे भिंग रुंद असते. चित्राच्या कडांना झाडे आणि कुंपणे सर्वात झपाट्याने मागे पडतात, आणि नेमक्या त्या कडा रुंद भिंगात येतात. आपल्याकडचे अरुंद, दोन्ही बाजूंनी काजू-फणसाची दाटी असलेले रस्ते तर यासाठी उत्तमच.

कॅमेरा कुठे बसवावा?

लेगगार्ड किंवा पुढची चौकट: वेगाचा भास सर्वाधिक, पण चिखल, धूळ आणि खडेही सर्वाधिक.

हँडल: रस्ता आणि हात दोन्ही दिसतात. बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. ब्रेकची वायर, क्लच, दिवा किंवा इंडिकेटर यांना कॅमेऱ्याचा अडथळा होता कामा नये.

छातीचा पट्टा: शरीर हादरे शोषून घेते, त्यामुळे चित्र स्थिर येते.

मागचे कॅरिअर: मागे पडत जाणारा रस्ता दिसतो. नंबरप्लेट आणि मागचा दिवा झाकला जाणार नाही हे पाहावे.

हेल्मेट: येथे शक्यतो बसवू नये. पडताना घसरून जावे म्हणून हेल्मेट गुळगुळीत असते; त्यावरचा उंचवटा अडकू शकतो. भोक तर कधीही पाडू नये. भारतात १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी आयएसआय चिन्हाचेच हेल्मेट बनवता आणि विकता येते. भोक पाडलेले हेल्मेट त्या चाचणीला उतरलेले हेल्मेट राहत नाही. केरळच्या मोटार वाहन खात्याने २०२२ साली हेल्मेटवर कॅमेरा लावणाऱ्यांवर कारवाई जाहीर केली होती, हेही लक्षात ठेवावे.

चिकटपट्टीचा माउंट वापरायचा असेल तर जागा आधी पुसून, पॉलिशचा थर काढून कोरडी करावी आणि पट्टी निघण्यापूर्वी २४ तास आधी लावावी. आपल्याकडच्या दमट हवेत हे विशेष महत्त्वाचे. माउंट कोणताही असो, कॅमेरा एका बारीक दोरीने गाडीला वेगळा बांधावा. माउंट सुटला तरी कॅमेरा मागच्या गाडीखाली जाणार नाही.

थरथर

नवशिक्यांची पहिली तक्रार असते, ‘चित्र जेलीसारखे हलते.’ याचे कारण समजून घ्या. कॅमेऱ्यातील सेन्सर संपूर्ण चित्र एका क्षणी टिपत नाही. वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. तेवढ्यात इंजिनाने कॅमेरा हलवला की वरच्या आणि खालच्या ओळी जुळत नाहीत आणि सरळ खांब वाकडा दिसतो. एका सिलिंडरच्या मोठ्या इंजिनात हा त्रास जास्त. खड्ड्यांचे मोठे हादरे कॅमेऱ्यातील सॉफ्टवेअर सावरते, पण इंजिनाची बारीक थरथर त्याला पुरती आवरत नाही.

एक सोपी चाचणी आहे. गाडी स्टँडवर उभी करून इंजिन वेगवेगळ्या वेगाने फिरवावे आणि आरशात पाहावे. ज्या वेगाला आरशातील चित्र पुसट होते, त्या वेगाला आरशाच्या दांडीवरचा कॅमेराही थरथरणार. दिवसभर गाडी चालवणाऱ्या एखाद्या पायलटला विचारले तर तो आपल्या गाडीचा हा वेग चटकन सांगेल. उपाय असे: माउंटची दांडी आखूड ठेवावी, क्लॅम्पखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा आणि सर्व स्क्रू घट्ट आवळावेत.

कॅमेऱ्याऐवजी मोबाईल हँडलवर लावणाऱ्यांसाठी एक सूचना. अनेक मोबाईलमध्ये भिंग चुंबकांच्या आधारे तरंगते ठेवलेले असते. मोठ्या इंजिनांच्या थरथरीने ही यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अॅपल कंपनीने २०२१ साली दिला होता. महागडा फोन असा पणाला लावू नये.

निघण्यापूर्वी

आपल्या देशातील वीज ५० हर्ट्झची आहे. म्हणून संध्याकाळी किंवा दुकानांच्या दिव्यांत चित्रण करायचे असल्यास सेकंदाला २५ किंवा ५० चित्रांची निवड करावी; दिवे लुकलुकत नाहीत. मेमरी कार्डावर ‘व्ही ३०’ खूण असावी. याचा अर्थ सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची क्षमता. सेकंदाला ६० मेगाबिटने केलेले चित्रण तासाला २७ जीबी जागा घेते. म्हणजे ६४ जीबीचे कार्ड दोन तासांच्या थोडे पुढे पुरते.

फेरीबोटीची वाट पाहताना कॅमेरा बंद करून सावलीत ठेवावा. धावताना वाऱ्याने तो थंड राहतो. उन्हात उभा राहिला की तापून बंद पडतो. डिचोलीच्या बाजूची लाल धूळ लोहखनिजाची. ती कोरड्या फडक्याने पुसली तर भिंगावर चरे पडतात. आधी फुंकून किंवा पाण्याने धूळ काढावी, मग मऊ कापड लावावे. पाणी वापरण्यापूर्वी कॅमेरा जलरोधक आहे आणि झाकण नीट बंद आहे, याची खात्री करावी. पेडण्याच्या किनाऱ्यावर खारी हवा असते. घरी आल्यावर माउंटचे स्क्रू गोड्या पाण्याने धुवावेत.

आता सर्वात मोठा नियम. कॅमेरा उभ्या गाडीवर सुरू करावा आणि गाडी उभी करूनच बंद करावा. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. पडद्याकडे दोन सेकंद पाहिले तर २२ मीटर रस्ता न पाहता गेला. तेवढ्यात गाय आडवी येते, मूल धावते, वळणावरून कदंबची बस येते. गोव्याच्या रस्त्यांवर दरवर्षी दोनशेहून अधिक माणसे मरतात आणि त्यांत दुचाकीवरची सर्वात जास्त असतात. त्यांतील कोणी ना कोणी आपल्या ओळखीतले असते.

विद्यार्थ्यांनी स्वतः मोटारसायकल चालवायची नाही, हे वेगळे सांगायला नको. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहनाचा गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना नाही, अशी ही तरतूद आहे. तेव्हा वाटणी सरळ आहे. परवाना असलेल्या वडीलधाऱ्यांनी गाडी चालवावी. मुलांनी जागा ठरवावी, माउंट तपासावा आणि घरी बसून संकलन करावे. खरी कला तिथेच आहे.

संकलन

प्रथम सर्व चित्रण संगणकावर उतरवून त्याची दुसरी प्रत करावी; त्याआधी कार्ड पुसू नये. पूर्वीचा विंडोज मूव्ही मेकर २०१७ पासून मिळत नाही, पण शॉटकट, केडेनलाइव्ह आणि दाविंची रिझॉल्व्ह हे विनामूल्य मिळतात. पहिले दोन शाळेतील साध्या संगणकावरही काम भागवतात.

नंतर वही-पेन घेऊन सगळे चित्रण एकदा पाहावे आणि चांगल्या जागांची वेळ लिहून ठेवावी. तासाभराच्या चित्रणातून तीन-चार मिनिटे निघाली तरी पुष्कळ. नुसता रस्ता पाहून कोणीही कंटाळते. म्हणून गाडी थांबवून, खाली उतरून घेतलेली स्थिर दृश्येही मध्ये हवीत. पेडणे ते तेरेखोल या प्रवासाची ३ मिनिटांची फीत अशी मांडता येईल:

श्री भगवती मंदिरासमोरचे दगडी हत्ती आणि गाडी निघते – १० सेकंद
कोरगावच्या बाजूचा रस्ता, लेगगार्डवरून – ४० सेकंद
हरमलची वळणे, हँडलवरून – ३० सेकंद
केरीची सुरूची झाडे, उभे राहून – १५ सेकंद
फेरीबोटीतील माणसे, पाणी, दोरखंड – ४५ सेकंद
तेरेखोलचा चढ – २५ सेकंद
किल्ल्यावरून मागे दिसणारी नदी – १५ सेकंद

हा प्रवास पश्चिमेकडे आहे. सकाळी निघाल्यास सूर्य पाठीशी राहतो. संध्याकाळी तो थेट भिंगात येतो.

आवाजाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. धावताना माइकमध्ये नुसता वारा भरतो. म्हणून फेरीची घरघर, बाजारातील गलबला, देवळातील घंटा हे आवाज थांबून वेगळे टिपावेत. सिनेमातील गाणे उचलून लावू नये. ते दुसऱ्याच्या मालकीचे असते. आपल्याच शाळेतील मुलांनी वाजवलेले घुमट किंवा पेटी-तबला का नको? दुसऱ्यांच्या नंबरप्लेट, घरांचे अंगण, समुद्रावर न्हाणारी माणसे पुसट करावीत किंवा कापून टाकावीत. आणि चित्रण पळवून गाडी धावल्याचा देखावा करू नये. वेळ कमी करण्यासाठी पळवले असेल तर तसे पडद्यावर लिहावे. पाहणारे लहान भाऊ-बहीण तो वेग खरा मानतात आणि पुढे तसा चालवू पाहतात.

हे सारे कशासाठी?

आपले तालुके डोळ्यांदेखत बदलत आहेत. मोपाच्या पठारावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. महामार्ग रुंद झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली खाणी थांबवण्यापूर्वी डिचोलीच्या रस्त्यांवर खनिजवाहू ट्रकांच्या ज्या रांगा लागत, त्या आजच्या मुलांनी पाहिलेल्या नाहीत. नार्व्याला शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार केलेले सप्तकोटीश्वराचे देऊळ आहे. तिथवर मये गावातून जाणारा रस्ता दहा वर्षांनी असाच दिसेल, याची हमी कोणी द्यावी? सावकाश, नीट घेतलेली, तारीख आणि गावाचे नाव लिहिलेली एक फीत पुढच्या पिढीला पुराव्यासारखी उपयोगी पडेल. सुसाट घेतलेल्या फितीत मात्र रस्त्याकडेचे काहीच दिसत नाही.

व्यवस्थापनाला एक विनंती. संगणक कक्षात यासाठी एक हार्ड डिस्क राखून ठेवावी आणि स्नेहसंमेलनात दरवर्षी ‘आपला रस्ता’ म्हणून एका गावाची फीत दाखवावी. पालकांनी गाडी चालवावी, मुलांनी कात्री चालवावी. गाडीचा काटा ४० च्या पुढे जाण्याची गरज नाही.