दवाखान्याचेही ओव्हरहॉलिंग



हंगाम संपला की आपल्या कारखान्यात मिल उघडतात, रोलर उतरवतात, बॉयलरच्या नळ्या साफ करून पाण्याचा दाब देऊन पाहतात. चिमणीला धूर नसतो. बाहेरच्याला वाटते, कामगार बसून पगार खातात! पण मोळी पडल्यावर मिल थांबायची नसेल तर काम याच दिवसांत उरकावे लागते, हे ऊसवाल्याला सांगायला नको. साथीच्या रोगाच्या बाबतीत दवाखान्याचे अगदी असेच आहे.

आपल्या भागाला साथ नवी नाही. माझी आजी प्लेगच्या गोष्टी सांगायची. घरात उंदीर पडला की गाव उठायचे, माळावर खोपी घालून राहायचे. दवाखाना म्हणजे मरायला न्यायची जागा, असा लोकांचा समज. त्याच प्लेगात १८९७ साली सातारा जिल्ह्यातील नायगावच्या लेकीने, सावित्रीबाई फुले यांनी, पुण्यात रोग्यांची सेवा करताना देह ठेवला. धैर्याला तोड नव्हती. पण सेवा करणाऱ्याला रोगापासून राखील असे साधन त्या काळी हाताशी नव्हते.

आज साधने आहेत. ती वापरण्याचा सराव आहे का, हा प्रश्न आहे. तो विचारायला कारणही जवळचे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळे तपासली, त्यांत निपा विषाणूच्या संसर्गाच्या खुणा मिळाल्या. हे २०२१ मध्ये जाहीर झाले. म्हणून रोग गावात आला असे नव्हे, आणि काठ्या घेऊन वटवाघळांच्या मागे लागण्याचेही काही कारण नाही. पण निपा झालेल्या शंभरांत ४० ते ७५ माणसे दगावतात, असा आजवरचा अनुभव आहे. त्यावर हुकमी औषध नाही.

केरळात हा रोग २०१८ च्या मे महिन्यात आला. पहिल्या रोग्याला काय झाले आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते. तो साध्या वॉर्डात होता, तपासणीसाठी व्हरांड्यातून हलवला गेला, आणि बहुतेकांना लागण झाली ती इस्पितळातच. त्याची शुश्रूषा करणारी तरुण नर्स लिनी गेली. एकूण १७ माणसे गेली. पुढच्याच वर्षी, जून २०१९ मध्ये, एर्नाकुलममध्ये पुन्हा एक रोगी सापडला. या वेळी वेगळी खोली तयार होती, संशय कधी घ्यायचा हे डॉक्टरांना माहीत होते, रोग्याच्या संपर्कातल्या तीनशेच्या वर माणसांवर नजर ठेवली गेली. तो रोगी बरा झाला आणि त्याच्यापासून दुसऱ्या कुणाला लागण झाली नाही. विषाणू तोच होता. फरक पडला तो मधल्या वर्षातल्या तयारीने.

ही तयारी म्हणजे नुसत्या खाटा आणि यंत्रे नव्हेत. संरक्षक किट अंगावर चढवणे सोपे, उतरवणे अवघड. लागण होते ती पुष्कळदा उतरवतानाच! दमून गेलेला माणूस घामेजल्या हाताने चटकन तोंडावरचा मास्क ओढतो. वास्तविक मास्क निघायचा सगळ्यांत शेवटी, प्रत्येक टप्प्याला हात धुवायचे, आणि समोर जोडीदार उभा राहून चुकले तिथे थांबवणार. हे पुस्तकात वाचून येत नाही, पुन्हा पुन्हा करून अंगवळणी पडते. आणि हा सराव डॉक्टरांइतकाच वॉर्डबॉयला, झाडूवाल्या मावशीला, ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला हवा. नेमके त्यांनाच आपण विसरतो. रोग्याची ओली चादर उचलतो कोण? मोठे साहेब नव्हेत.

२०२० मध्ये हे आपण जवळून पाहिले. मार्चमध्ये इस्लामपुरात एकाच कुटुंबाच्या गोतावळ्यात वीसहून अधिक जणांना कोरोना झाला, मिरजेच्या शासकीय रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. इकडे मलकापुरात हमरस्त्यावरच्या कृष्णा रुग्णालयात कोरोनाचे रोगी येऊ लागले. वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले असल्याने शिकवणारी आणि शिकणारी माणसे तिथे होती. मलकापूरला २४ तास नळाचे पाणी आहे. हात धुवा म्हणणे तिथे सोपे. पाणी डोक्यावरून आणणाऱ्या वस्तीला तेच सांगणे म्हणजे जखमेवर मीठ.

आणि अशी वस्ती आपल्याच दारात आहे. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडच्या तोडणीच्या टोळ्या उतरतात. पाचटाच्या कोपी दाटीवाटीने लागतात, एका टँकरवर सगळ्यांची तहान. २०२० च्या टाळेबंदीत अशा हजारो तोडकऱ्यांना गावची वाट बंद झाली होती. साथ आली तर ती तिथे आधी शिरेल आणि आपल्याला उशिरा कळेल, कारण तापाने फणफणलेला माणूस खाडा पडू नये म्हणून कोयता हातातून ठेवत नाही.

तेव्हा येत्या वार्षिक सभेत उताऱ्याबरोबर आणि दराबरोबर आणखी चार गोष्टी विचाराव्यात असे वाटते. कारखान्याच्या दवाखान्यात ताप-खोकल्याच्या माणसाला बसायला वेगळी जागा आहे का? कंपाउंडरने किट शेवटचे कधी घालून, उतरवून पाहिले? टोळीतला माणूस आजारी पडला तर मुकादमाने कुणाला फोन करायचा, तो नंबर त्याच्याजवळ आहे का? आणि आजारी तोडकऱ्याला आठ दिवस बाजूला ठेवले तर त्याच्या पोटापाण्याची सोय कोण करणार? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय बाकीच्या तिन्हींचा उपयोग नाही.