जुन्या गाडीची टाकी आणि कारखानदाराची जबाबदारी



पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके २०२३ साली मिळून स्वतंत्र जिल्हा झाले खरे. परंतु तेथील माणसाचे नागपूरवाचून आजही चालत नाही. संत्र्यांचा बाजार तिकडे, मोठे इस्पितळ तिकडे, पुष्कळांच्या सोयरिकीही तिकडेच. पांढुर्ण्याचा माणूस बैतूल-नागपूर महामार्गाने जातो, सौसरचा छिंदवाड्याहून येणाऱ्या रस्त्याने, आणि सावनेरला दोन्ही वाटा एक होतात. ह्या वाटेवर बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओ, तवेरा ह्या उंच बांध्याच्या गाड्या पुष्कळ दिसतात. त्यांतील कित्येक दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हाती आलेल्या असतात. गाडी घेताना आपण इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर पाहतो, पत्र्याला गंज आहे काय ते तपासतो. इंधनाची टाकी कोठे बसवली आहे, हे मात्र सहसा कोणी वाकून पाहत नाही.

टाकीला योग्य जागा कोणती, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. दुसऱ्या महायुद्धातील विलिज जीपमध्ये ती थेट चालकाच्या आसनाखाली होती. आसन उचलून पेट्रोल भरावे लागे. युद्धात तेही चालून गेले. पुढे कुटुंबासाठी मोठ्या गाड्या निघाल्या, तेव्हा आसनांची आणि सामानाची सोय करता करता काही गाड्यांत टाकी अगदी मागे, मागच्या एक्सलच्या आणि बंपरच्या मधोमध गेली. मागून दुसरे वाहन आदळले की हाच भाग प्रथम चेपला जातो. टाकी एका बाजूने आघात करणारे वाहन आणि दुसऱ्या बाजूने एक्सलचे लोखंड ह्यांच्या कचाट्यात सापडते. ती फुटली किंवा तिची नळी निखळली, तर पेट्रोल रस्त्यावर सांडते, आणि घासणाऱ्या पत्र्याची एक ठिणगी पुरते. टाकी एक्सलच्या पुढे घेतली, तर तोच आघात तिच्यापर्यंत पोचण्यापूर्वी बराचसा जिरून जातो.

अमेरिकेत क्रायस्लर कंपनीच्या जीप ग्रँड चेरोकी ह्या गाडीवरून जो वाद झाला, त्याचे मूळ हेच. १९९३ ते २००४ ह्या वर्षांच्या ग्रँड चेरोकीत आणि २००२ ते २००७ च्या जीप लिबर्टीत टाकी एक्सलच्या मागे होती. २००५ च्या नव्या ग्रँड चेरोकीत ती पुढे आणली गेली. वाहनसुरक्षेसाठी झटणाऱ्या एका संस्थेने २००९ साली सरकारकडे अर्ज केला, आणि पुढील वर्षी तेथील महामार्ग सुरक्षा खात्याने चौकशी आरंभली. जून २०१३ मध्ये त्या खात्याने सत्तावीस लाख गाड्या परत बोलावण्यास सांगितले. मागून धडक बसून आग लागल्याचे सदतीस अपघात आणि त्यांत एक्कावन्न मृत्यू, हा खात्याचा हिशेब होता.

कंपनीने प्रथम साफ नकार दिला. तिचे म्हणणे असे की, ह्या गाड्या त्या त्या वर्षीच्या सर्व नियमांत बसत होत्या. हे म्हणणे खोटे नव्हते. जुना नियम ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाच्या आघाताचा होता. २००३ साली नवा नियम ठरला, तो २००६ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला, आणि त्यात हा वेग सुमारे ८० किलोमीटरवर गेला. वेग दीडपटीहून थोडा वाढला, तरी आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट वाढते, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. मग कालच्या नियमात उत्तीर्ण झालेल्या गाडीला आज सदोष कसे म्हणावे? खात्याचे उत्तर असे होते की, नियमात बसणे ही किमान पात्रता आहे; माणसे मरत असतील, तर नियम पाळूनही गाडीत दोष असू शकतो. मला हे उत्तर पटते. घर नकाशाप्रमाणे बांधले एवढ्यावरून त्याचे छत कोसळणार नाही, असे कोणी म्हणत नाही.

शेवटी परिवहनमंत्री रे लाहूड आणि कंपनीचे प्रमुख सर्जियो मार्किओने ह्यांची भेट झाली, आणि सुमारे साडेपंधरा लाख गाड्यांवर तडजोड झाली. उपाय ठरला तो विलक्षण होता. टाकी हलवावयाची नाही; मागे ट्रॉली जोडण्यासाठी लावतात तसला लोखंडी हूक बसवावयाचा, म्हणजे मंद व मध्यम वेगाचा आघात थोडाफार अडेल. वेगाच्या धडकेत त्याचा कितपत उपयोग, ह्यावर पुष्कळ टीका झाली, आणि ती अस्थानी नव्हती. १९९९ ते २००४ च्या ग्रँड चेरोकी तर ह्या साडेपंधरा लाखांत नव्हत्याच. जॉर्जिया राज्यात बेनब्रिज येथे मार्च २०१२ मध्ये वळणासाठी थांबलेल्या ज्या गाडीला मागून धडक बसून चार वर्षांचा मुलगा जळून मेला, ती १९९९ ची होती. २०१५ साली ज्यूरीने ९९ टक्के दोष कंपनीच्या माथी आणि केवळ एक टक्का धडक देणाऱ्या चालकाच्या माथी ठेवला. १५ कोटी डॉलरांची भरपाई ठरली. न्यायाधीशांनी ती पुढे ४ कोटींवर आणली.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या देशात २०१२ पासून कारखानदारांच्या संघटनेची स्वेच्छेची आचारसंहिता होती. तिच्या काळात काही कंपन्यांनी गाड्या परत बोलावल्या. तवेराच्या २००५ ते २०१३ मधील १ लाख १४ हजार गाड्या २०१३ साली परत बोलावल्या गेल्या, पण त्या धुराच्या नियमांपायी. इंधनाशी थेट संबंध होता तो २०१४ च्या मारुतीच्या प्रकरणाचा. स्विफ्ट, डिझायर आणि अर्टिगा मिळून १ लाख ३ हजार ३११ गाड्यांत टाकीकडे जाणारी भरण्याची नळी बदलावी लागली. टाकी मर्यादेबाहेर भरल्यास गळतीचा संभव होता. सक्तीचा कायदा २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने आला आणि त्याचे नियम एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्यात एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. परंतु ही सक्ती सात वर्षांच्या आतील गाड्यांपुरती आहे. अमेरिकेत विनामूल्य दुरुस्तीची मर्यादा पूर्वी दहा वर्षांची होती, २०१५ च्या कायद्याने ती पंधरा झाली. ग्रँड चेरोकीतील कित्येक गाड्यांचे वय वादाच्या वेळी पंधरा-वीस वर्षांचे होते. आपल्या नियमात त्या मुळीच बसल्या नसत्या. आणि सौसरच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या जुन्या गाड्याही बसत नाहीत. सात वर्षांनी गाडी गरिबाकडे येते आणि नेमका तेव्हाच कायदा हात काढून घेतो, हे मला अन्यायाचे वाटते.

एक दिलासा आहे. आपल्या ह्या गाड्यांपैकी बहुतेक डिझेलवर चालतात, आणि डिझेल पेट्रोलासारखे चटकन वाफ होऊन पेट घेत नाही. तथापि तापलेल्या सायलेन्सरवर उडालेले डिझेलही पेटते. टाकी गळू लागली तर रस्त्याकडेच्या वेल्डरकडून डाग लावून घेणे हे सर्वांत घातक. टाकी रिकामी दिसते, पण आत वाफ कोंडलेली असते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा अशी रिकामी टाकीच स्फोटाला अधिक धार्जिणी. टाकी बदलणेच बरे.

गाडीच्या नोंदणीपुस्तकात चॅसी क्रमांक असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत कार्यशाळेत दाखवला की, त्या गाडीसाठी परत बोलावण्याची सूचना निघाली होती किंवा कसे, हे कळते. सूचनेचे पत्र मात्र नोंदीतल्या मालकाकडे जाते. गाडी नागपूरहून आणली आणि नावावर करून घेतली नाही, तर ते पत्र नागपूरच्याच पत्त्यावर पडून राहील.