रंग सांगाड्याला, ब्रश ओठांत

उंची जेमतेम २८ मिलिमीटर. हातात गंजलेली तलवार, उघड्या बरगड्या, कवटीत टाचणीच्या टोकाएवढे दोन डोळे. टेबलावर मांडून खेळायच्या ‘वॉरहॅमर’सारख्या खेळांत अशा मेलेल्यांची अख्खी फौज असते. ती मिळते करड्या प्लास्टिकच्या सुट्या भागांत. जोडायची आणि रंगवायची खेळणाऱ्यानेच. इंग्लंडमधल्या ‘गेम्स वर्कशॉप’ने हा खेळ १९८३ मध्ये आणला. खेळायचं कमी आणि रंगवत बसायचं जास्त, असेही याचे पुष्कळ शौकीन आहेत.

नवशिक्याला सांगाडा सोपा जातो. हाडाच्या रंगाचा एक हात द्यायचा, वर पातळ तपकिरी रंग सोडायचा. तो खाचांत आपोआप साठतो आणि बरगड्या उठून दिसतात. चुकलं तरी बिघडत नाही. प्रेत जितकं मळकट तितकं बरं. अडतं ते डोळ्यांपाशी. तिथे ब्रशला सुईसारखं टोक हवं असतं आणि ते काढायला हात नकळत तोंडाकडे जातो. सुईत ओवण्याआधी शिंपी दोऱ्याचं टोक ओठांत धरतो, तसंच.

या सवयीचा इतिहास मात्र वाईट आहे. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या ऑरेंज या गावी, तरुण मुली घड्याळाच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे आकडे रंगवत. रंगाचं नाव ‘अनडार्क’, त्यात रेडियम. ब्रशला ओठांनी टोक काढायला त्यांना कामावरच शिकवलं जाई. रेडियम शरीरात कॅल्शियमच्या वाटेने जातं आणि हाडांत बसतं. मुलींचे दात पडू लागले, जबडे सडले, काहींचा जीव गेला. न्यूयॉर्कचे दंतवैद्य थिओडोर ब्लम यांनी १९२४ मध्ये या जबड्याच्या आजाराची नोंद केली. पाच जणींनी लढलेला खटला १९२८ मध्ये तडजोडीने मिटला.

आज भुताच्या डोळ्यांत भरायच्या चमकत्या रंगात रेडियम नसतं. बहुतेकदा स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट असतं, आणि ते किरणोत्सारी नाही. छंदाचे नेहमीचे रंगही पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक असतात. एकदा ब्रश ओठाला लागला म्हणून घाबरायला नको. पण बाटलीवर ‘बिनविषारी’ लिहिलंय म्हणून तो रोज चाटायचा, असं नव्हे. शिवाय चित्रकारांच्या काही लाल-पिवळ्या रंगांत कॅडमियम असतं, आणि त्या ट्यूबही पुष्कळदा त्याच टेबलावर पडलेल्या असतात.

जास्त काळजी घ्यायची ती धातूच्या जुन्या बाहुल्यांची. १९९० च्या दशकापर्यंत त्यांतल्या बऱ्याच शिसं मिसळलेल्या धातूच्या असत आणि आजही त्या जुन्या मालात विकल्या जातात. नुसत्या हाताळण्याने शिसं कातडीतून फारसं आत जात नाही. ते जातं नाकातोंडावाटे: कानस मारताना उडालेल्या भुकटीतून, हात न धुता खाल्लेल्या बिस्किटातून. लाकडी कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बाहुलीवर कधी पांढरट पूड धरते. तीही शिशाचीच, फुंकर मारून उडवायची नाही. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं, हाडांत शिरलेलं मात्र दशकानुदशकं मुक्काम करतं. मोठ्यांच्या आतड्यातून शिशाचा साधारण दहावा भाग शोषला जातो, लहान मुलांच्या आतड्यातून निम्म्यापर्यंत. त्यामुळे काकाचा जुना डबा पुतण्याला कौतुकाने देण्याआधी त्यात काय आहे ते पाहावं. अशा बाहुल्या बरीच वर्षं घासल्या असतील, तर डॉक्टरांना तसं सांगून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घेता येते.

ब्रशचं टोक ओल्या टिश्यूवर फिरवूनही निघतं. टेबलावर चहाचा कप नको; रंगाच्या पाण्यात चहा आणि चहात ब्रश, हा घोटाळा या छंदात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आणि पंचेचाळिशीच्या माणसाला सांगाड्याचे डोळे जमेनासे झाले, तर दोष ब्रशच्या टोकाचा नसतोच बहुधा. आधी चाळिशीचा नंबर तपासून घ्यावा.