लॅब्राडॉर

कुत्रा हा मनुष्याचा फार प्राचीन काळापासूनचा सोबती आहे. कोणी घराची राखण करतो, कोणी मेंढ्या वळतो, तर कोणी शिकारीत साहाय्य करतो. लॅब्राडॉर जातीच्या कुत्र्याचे पिढीजात काम मात्र काहीसे निराळे आहे. दूर पडलेली वस्तू शोधावी आणि ती सुखरूपपणे धन्याच्या हाती आणून द्यावी, हे ते काम होय. त्याचे शरीर व स्वभाव ही दोन्ही याच कामातून घडली आहेत.

कॅनडाच्या पूर्वेस अटलांटिक महासागरात न्यूफाउंडलंड नावाचे बेट आहे. तेथील समुद्र अतिशय थंड असतो. त्या बेटावरील कोळी काळ्या रंगाची कुत्री बाळगीत. गळातून निसटलेला मासा पकडावा, पाण्यातील दोर ओढून आणावेत, अशी कामे ती कुत्री करीत. एकोणिसाव्या शतकात ती जहाजांतून इंग्लंडमध्ये गेली. तेथील सरदारांनी शिकारीत पडलेले पक्षी शोधून आणण्यासाठी त्यांची जोपासना केली. १९०३ साली ब्रिटनमधील केनेल क्लबने ही स्वतंत्र जात मानली. न्यूफाउंडलंडजवळच्या लॅब्राडॉर प्रदेशाचे नाव तिला मिळाले.

लॅब्राडॉरचे केस आखूड व दाट असून त्यांखाली मऊ लोकरीचा दुसरा थर असतो. त्यामुळे थंड पाण्यापासून अंगाचे रक्षण होते. त्याची जाड शेपटी पोहताना सुकाणूसारखी उपयोगी पडते. काळा, पिवळा व तपकिरी असे त्याचे तीन रंग आहेत. त्याचा जबडा बळकट असतो; परंतु पकड इतकी हळुवार, की तोंडात धरून आणलेल्या पाखरावर दाताचा व्रणही उमटत नाही.

हीच हळुवारपणाची वृत्ती त्याच्या स्वभावातही दिसते. तो मुलांत रमतो आणि परक्यांशीही चटकन मैत्री करतो. म्हणून राखणदार म्हणून त्याचा फारसा भरवसा धरता येत नाही! मात्र तो आज्ञाधारक असून त्याचे नाक अतिशय तीक्ष्ण असते. अंध व्यक्तींना वाट दाखविण्याचे काम तो उत्तम करतो. १९९३ साली मुंबईत बॉम्बस्फोट झाले, तेव्हा पोलीस दलातील ‘झंजीर’ नावाच्या लॅब्राडॉरने दडवलेली स्फोटके हुंगून काढली आणि अनेकांचे प्राण वाचविले. २००० साली तो मरण पावला.

या गुणी प्राण्यात एक उणीव आहे. त्याची भूक सहसा शमत नाही. २०१६ साली केंब्रिज येथील शास्त्रज्ञांना असे आढळले, की सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडॉरांमध्ये भुकेशी निगडित असलेल्या एका जनुकात जन्मतःच दोष असतो. त्यामुळे तो हावरा आहे, असे म्हणून त्याला दोष देणे योग्य नव्हे. लाडापोटी त्याच्यापुढे बिस्किटे व मिठाई टाकली, तर तो स्थूल होतो, त्याचे सांधे दुखू लागतात व आयुष्य घटते. त्याला मोजका आहार व रोजचा भरपूर व्यायाम मिळाला पाहिजे. उन्हाळ्यात हा व्यायाम सकाळी व सायंकाळी द्यावा, कारण थंड प्रदेशातील या प्राण्याला कडक ऊन सोसत नाही.

धन्याची वस्तू जपून आणणे हे लॅब्राडॉरचे ब्रीद आहे. तो याचनेने पाहत असतानाही त्याच्या हिताखातर हात आवरणे, हे त्याला पाळणाऱ्याचे कर्तव्य आहे.