दुखणारा पाय आणि न दुखणारा पाय

मनुष्याच्या एका पावलात २६ हाडे, ३३ सांधे आणि शंभराहून अधिक स्नायू, स्नायुरज्जू व अस्थिबंध असतात, आणि चालताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाहून काहीसा अधिक, तर धावताना वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार या रचनेवर येतो. खानदेशात हा भार विशेष आहे. रावेर-यावलच्या केळीबागांत घडांची ओझी वाहणारे मजूर, कापसाच्या काळ्या रानात दिवसभर वाकून वेचणी करणाऱ्या स्त्रिया, जळगावच्या डाळ मिलमध्ये सिमेंटच्या फरशीवर उभे राहणारे कामगार आणि भुसावळच्या रेल्वे यार्डात खडीवरून चालणारे कर्मचारी यांचे पोट अक्षरशः पायांवर चालते. तरीही पाय दुखू लागला की तो थकव्याचा किंवा वयाचा भाग मानून महिनोन्‌महिने अंगावर काढला जातो. यातील बहुतेक दुखणी निरुपद्रवी असतात हे खरे. परंतु वेदना जितकी अधिक तितका धोका अधिक, असे समीकरण पावलाच्या बाबतीत लागू पडत नाही, आणि पाय गमावण्याची वेळ ज्यांच्यावर येते त्यांच्यापैकी अनेकांचा पाय आधी फारसा दुखलेलाच नसतो.

सर्वांत सामान्य तक्रार टाचेची असते. सकाळी अंथरुणातून उठून जमिनीवर टेकवलेले पहिले पाऊल टाचेच्या खालच्या, आतल्या बाजूस तीव्र कळ देते, दहा-वीस पावले चालल्यावर ती कमी होते आणि बराच वेळ बसून पुन्हा उठले की परत येते, हे वर्णन ऐकूनच अनुभवी डॉक्टर बहुधा निदान करू शकतात. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक चिवट पट्टा असतो, ज्याला प्लँटर फॅसिया म्हणतात. धनुष्याच्या दोरीप्रमाणे तो पावलाची कमान ताणून धरतो. दीर्घकाळ उभे राहणे, वाढलेले वजन, आखडलेली पोटरी किंवा पातळ तळाची झिजलेली स्लिपर यांमुळे या पट्ट्याच्या टाचेकडील टोकावर सूक्ष्म इजा होत राहतात आणि तो जाड व वेदनामय होतो. क्ष-किरण चित्रात अनेकदा टाचेच्या हाडाला पुढे आलेले टोक दिसते आणि ‘हाड वाढले’ या शब्दांनी रुग्ण घाबरून जातो. वस्तुतः असे टोक कोणतीही वेदना नसलेल्या अनेकांच्या टाचेतही आढळते, त्यामुळे ते काढण्यासाठी शस्त्रक्रियेची घाई करण्याचे कारण नसते.

या विकारावरील उपचार साधे, परंतु चिकाटीचे आहेत. भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणणे, अंथरुणातून उतरण्यापूर्वी हाताने बोटे मागे खेचून तळवा ताणणे, घरातही मऊ व टाचेला आधार देणारी चप्पल वापरणे आणि उभे राहण्याचे तास शक्य तेवढे कमी करणे, एवढ्यावर बहुसंख्य रुग्ण सहा महिने ते वर्षभरात बरे होतात. स्वयंपाकघरातील शहाबादी किंवा सिमेंटच्या फरशीवर अनवाणी उभ्या राहणाऱ्या गृहिणींना या आजारात घरातील चपलेने जेवढा आराम पडतो तेवढा वेदनाशामक गोळ्यांनी क्वचितच पडतो. देवघर आणि स्वयंपाकघर यांच्या शुचितेची कल्पना आड येत असेल, तर केवळ घरात वापरायची वेगळी चप्पल ठेवणे हा सोपा मार्ग आहे.

पावलाच्या पुढच्या भागातील दुखण्यांत पादत्राणांचा वाटा मोठा असतो. निमुळत्या बुटांमुळे अंगठा इतर बोटांकडे झुकून त्याच्या मुळाशी गाठ येते, बोटांच्या मधली चेता दाबली जाऊन जळजळ होते, आणि सतत घर्षण होणाऱ्या जागी कातडी कडक होऊन कुरूप तयार होते. कुरूप ब्लेडने कापण्याची किंवा त्यावर आम्लयुक्त पट्टी चिकटवण्याची सवय निरोगी माणसातही चांगली नाही. मधुमेह असलेल्याने तर ती पूर्णपणे टाळावी, कारण ते आम्ल कुरूप आणि निरोगी कातडी असा भेद करत नाही.

पायी चालण्याची परंपरा खानदेशात जिवंत आहे. चैत्र पौर्णिमेच्या सुमारास धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतून हजारो भाविक वणीच्या सप्तशृंगी गडाकडे पायी निघतात, आणि मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून संत मुक्ताबाईंची पालखी सुमारे महिनाभराची वाटचाल करून आषाढीला पंढरपुरास पोहोचते. एरवी फारसे न चालणारा माणूस एकाएकी दररोज वीस-तीस किलोमीटर चालू लागला, की पावलाच्या मधल्या लांब हाडांना, विशेषतः दुसऱ्या व तिसऱ्या बोटामागच्या हाडांना, केसासारखी बारीक चीर पडू शकते. प्रशियाच्या सैन्यातील शल्यचिकित्सक ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ साली कवायतीनंतर सैनिकांचे पाय सुजतात हे नोंदवले, ते याच विकाराचे आरंभीचे वर्णन होय. पहिल्या काही आठवड्यांत ही चीर क्ष-किरण चित्रात दिसत नाही. म्हणून एकाच हाडावर बोट ठेवून दाखवता येणारी आणि चालताना वाढणारी वेदना असेल, तर चित्र ‘नॉर्मल’ आले तरी चालणे थांबवणे आवश्यक ठरते. चैत्रात खानदेशचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि भर दुपारी डांबराचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. अशा रस्त्यावर नवसापोटी अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्यांना फोड येणे अटळ असते. श्रद्धेचा मान राखूनही असे म्हणावे लागते की, मधुमेह असलेल्या माणसाने अनवाणी चालण्याचा नवस बोलू नये आणि बोलला असल्यास तो दुसऱ्या रूपाने फेडावा.

शेतात अनवाणी वावरणाऱ्यांना काट्याचा धोका असतो. बाभळीचा काटा रुतून मोडला आणि विसरला गेला, तर काही वर्षांनी त्या जागी हळूहळू वाढणारी, बहुधा न दुखणारी सूज येते आणि तिच्यातील छिद्रांतून पू व त्यासोबत बारीक दाणे बाहेर पडतात. मायसेटोमा किंवा ‘मदुरा फूट’ नावाच्या या रोगावर मुंबईत काम करणारे डॉक्टर हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी १८७४ साली ग्रंथ लिहिला होता. रोग बुरशीमुळे झाला की जिवाणूंमुळे, यावर औषध ठरते, आणि दाण्यांची तपासणी लवकर झाल्यास पाऊल वाचते. दुखत नाही म्हणून वाट पाहिल्यास तो हाडापर्यंत उतरतो.

सांध्यांच्या आजारांत पाऊल अनेकदा पहिला साक्षीदार ठरते. मध्यरात्री अंगठ्याचे मूळ लालभडक होऊन पांघरुणाचा स्पर्शही सहन होईनासा झाला, तर तो युरिक आम्लाच्या स्फटिकांमुळे होणारा गाऊट असण्याची शक्यता मोठी असते. चिकुनगुन्याचा ताप उतरल्यानंतर घोटे आणि पावले कित्येक महिने दुखत राहू शकतात. दोन्ही पावलांच्या पुढच्या भागात एकाच वेळी दुखणे आणि सकाळचा ताठरपणा तासभर टिकणे ही संधिवाताची खूण मानली जाते.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या चोपडा, यावल आणि शिरपूर या तालुक्यांत एका वेगळ्या कारणाची आठवण ठेवावी लागते. या पट्ट्यातील भिल्ल, पावरा आदी आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो, ज्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सहा महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंतच्या बालकाचे हात आणि पावले एकाएकी सुजली, बाळ पाय टेकेना आणि अखंड रडू लागले, तर तो मार किंवा मुरगळणे नसून सिकलसेलचे पहिले लक्षण असू शकते. आरोग्य केंद्रात होणाऱ्या साध्या रक्तचाचणीने संशय निर्माण होतो आणि इलेक्ट्रोफोरेसिस या चाचणीने निदान पक्के होते. अशा बालकाच्या पायाला चोळणे किंवा बांधणे यात मोलाचा वेळ जातो.

तंबाखू आणि विडी यांचाही पावलाशी थेट संबंध आहे. विशी ते पंचेचाळिशीतील धूम्रपान करणाऱ्या पुरुषात थोडे चालताच तळवा किंवा पोटरी आवळून येते, थांबले की बरे वाटते, पुढे बोटे गार आणि निळसर पडतात आणि अखेरीस रात्री पाय खाटेखाली लोंबकळत ठेवल्याशिवाय झोप लागत नाही. लिओ बर्गर यांनी १९०८ साली ज्याचे सविस्तर वर्णन केले तो हा बर्गरचा रोग असून त्यात लहान रक्तवाहिन्या बुजत जातात. तंबाखू पूर्णपणे सोडणे हाच त्यावरील मुख्य उपचार आहे, आणि रोज एकच विडी ओढणाऱ्याचाही रोग पुढे सरकत राहतो.

तथापि सर्वांत अधिक पाय ज्या कारणाने जातात ते कारण मधुमेह हे आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेमुळे पायाच्या चेता निकामी होतात. आरंभी मुंग्या, जळजळ किंवा कापसावर चालल्यासारखे वाटते आणि पुढे तळवा बधिर होतो. जळजळ थांबली म्हणजे आजार बरा झाला, असा समज रुग्णाचा याच टप्प्यावर होतो. चपलेतला खडा, रुतलेला खिळा किंवा गरम फरशी कळत नाही, झालेल्या जखमेवर तो माणूस चालतच राहतो, आणि पायांकडील रक्तपुरवठाही मंदावलेला असल्याने जखम भरत नाही. मधुमेहींमध्ये होणाऱ्या पाय कापण्याच्या शस्त्रक्रियांपैकी बहुसंख्य शस्त्रक्रियांची सुरुवात अशाच एका लहान जखमेपासून झालेली असते. तळव्याच्या जळजळीमागे ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही असू शकते. शाकाहारी व्यक्तींत आणि मेटफॉर्मिन ही गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांत ती विशेषतः आढळते आणि सहज भरून काढता येते.

घरगुती उपायांपैकी शेकण्याचा उपाय येथे घातक ठरतो. दुखऱ्या टाचेवर रुईची पाने ठेवून तापलेल्या विटेने शेकण्याची पद्धत जुनी आहे. संवेदना शाबूत असलेल्या माणसाला चटका बसताच तो पाय मागे घेतो, परंतु बधिर पायाच्या माणसाला कातडी भाजल्याचे दुसऱ्या दिवशी फोड पाहून समजते. गरम पाण्याची पिशवी आणि बादलीतले कढत पाणी यांनाही हेच लागू होते. याउलट, एक पाऊल अचानक गरम आणि सुजलेले दिसते, जखम नाही, वेदना थोडीच, असेही होते. त्या वेळी पावलाची हाडे आतून खचत असण्याची शक्यता असते. फ्रेंच डॉक्टर शार्को यांच्या नावाने ओळखला जाणारा हा विकार केवळ सूज समजून सोडून दिला, तर पावलाची कमान कायमची मोडते.

संवेदना तपासण्यासाठी दवाखान्यात १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्यावर टेकवतात. घरी करता येणारी चाचणीही आहे: मधुमेही व्यक्तीने डोळे मिटावेत आणि घरातील दुसऱ्याने दोन्ही पावलांच्या अंगठ्याच्या, मधल्या आणि करंगळीच्या टोकाला बोटाने एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करावा; सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर ते पाऊल धोक्यात आहे असे समजावे. इंग्लंडमधील इप्सविच येथे ही पद्धत रूढ झाली. अशा पायासाठी मायक्रोसेल्युलर रबराच्या, म्हणजे एमसीआरच्या मऊ तळाच्या चपला मिळतात. कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या पायांसाठी वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे काम केले, त्यातून हे ज्ञान मधुमेहाच्या उपचारात आले. कुष्ठरोगाचे नवे रुग्ण महाराष्ट्रात आजही आढळतात, हेही तळव्याच्या बधिरपणाचा विचार करताना विसरता येत नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे, याचे उत्तर कारणानुसार बदलते. पाय मुरगळल्यानंतर आधाराशिवाय चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल, तर क्ष-किरण तपासणी करावी. १९९२ साली कॅनडातील ओटावा येथे तयार झालेला हा नियम जगभर वापरला जातो. पाय एकाएकी पांढरा, गार आणि अतिशय दुखरा झाला, तर रक्तवाहिनी अडलेली असते आणि तो वाचवण्यासाठी साधारणतः सहा तासच हाती असतात. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. एकाच पायाची पोटरी सुजून ताठ झाली, पावलावरच्या लालीसोबत ताप आला किंवा बोट काळे पडू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेहीच्या पावलावरील कोणतीही जखम, फोड किंवा बोटांमधील चिखल्या चोवीस तासांत दाखवाव्यात, मग त्या दुखोत वा न दुखोत. या खुणा नसतील, तर साध्या टाचदुखीला दोन-तीन आठवडे विश्रांती, ताण देण्याचे व्यायाम आणि चांगली चप्पल यांची संधी देण्यास हरकत नाही.

ब्रिटन आणि अमेरिकेत केवळ पावलांचे विकार पाहणारा पोडिएट्रिस्ट हा स्वतंत्र प्रशिक्षित व्यावसायिक असतो. भारतात ही शाखा अद्याप रुजलेली नाही, त्यामुळे तेच काम वेगवेगळ्या तज्ज्ञांत विभागले जाते आणि रुग्णाला योग्य दार स्वतः शोधावे लागते. हाड, सांधा किंवा टाचेचे दुखणे अस्थिरोगतज्ज्ञाकडे, न भरणारी जखम शल्यचिकित्सकाकडे, बधिरपणा व जळजळ फिजिशियन किंवा मधुमेहतज्ज्ञाकडे आणि चिखल्या, भेगा व नखांची बुरशी त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यावी. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१८ साली सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे हे विभाग एका आवारात मिळतात, तर साखरेची प्राथमिक तपासणी गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. मधुमेहाच्या तपासणीला गेलेल्या रुग्णाने वर्षातून किमान एकदा चप्पल-मोजे काढून दोन्ही पावले डॉक्टरांपुढे ठेवावीत आणि घाईच्या बाह्यरुग्ण विभागात ते राहून जात असेल, तर तपासण्याची विनंती स्वतः करावी.