‘डीजे’ हा माणूस आहे

‘डीजे म्हणजे काय?’ असे आपल्याकडे कोणाला विचारले, तर तो टेंपोवर रचलेल्या स्पीकरांच्या भिंतीकडे बोट दाखवितो. ‘यंदा डीजे लावला’, ‘डीजे जप्त झाला’ असेच आपण बोलतो. पेण काय, रोहा काय, हाच अर्थ रूढ झाला आहे. वास्तविक मूळ शब्दाचा अर्थ तबकड्या वाजविणारा माणूस असा आहे. यंत्राचे नाव राहावे आणि यंत्र चालविणारा नाहीसा व्हावा, हा प्रकार आम्ही कामगार चळवळीतल्या लोकांनी कारखान्यांतून पुष्कळ पाहिला आहे. म्हणून या माणसाचे काम काय, ते प्रथम सांगावयाचे आहे.

मी संगीत शिकलेलो नाही. शाळाही लवकर सुटली. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागलो आणि पुढे जे कळले ते वाचून व विचारून कळले. तेव्हा जाणकारांनी चूकभूल द्यावी घ्यावी.

तबकडी वाजविणारा आपल्याला अगदीच अपरिचित नाही. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सादर करणारे अमीन सयानी हे याच जातीचे कलावंत. पण ते एक गाणे संपवून दुसरे लावीत. आजचा डीजे पहिले गाणे संपूच देत नाही. त्याच्यापुढे दोन तबकड्या असतात आणि मध्ये मिक्सर. एक तबकडी लोकांना ऐकू येते, दुसरी फक्त त्याच्या हेडफोनमध्ये. समजा, पहिल्या गाण्याचे मिनिटाला १२६ ठोके आहेत व दुसऱ्याचे १२०. दोन्ही एकदम सोडली, तर दर दहा सेकंदांना एक ठोका मागे पडेल आणि नाचणाऱ्यांचे पाय अडखळतील. म्हणून तो दुसऱ्या तबकडीची गती शेकडा ५ ने वाढवितो, ठोक्यावर ठोका आणून बसवितो आणि मग मिक्सरवरची आडवी कळ हळूहळू सरकवितो. दिंडीत एक अभंग संपण्याआधीच मृदंग पुढच्या अभंगाची चाल धरतो, तसेच हे. आता तबकड्यांच्या जागी लॅपटॉप आला व ठोके जुळविण्याचे काम यंत्रही करते. तरी समोरचा समाज पाहून पुढे काय वाजवावे, हे त्या माणसालाच ठरवावे लागते.

ही विद्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जन्मलेली नाही. जमेकातील किंग्स्टन शहरात १९५० च्या सुमारास गरीब वस्त्यांना वाद्यवृंद परवडत नसे. तेव्हा मोठाले स्पीकर रस्त्यावर मांडून तबकड्यांवर नाच होत. त्याच बेटावर जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ कूल हर्क न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात राहावयास गेला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी बहिणीने भरविलेल्या मेळाव्यात त्याने तबकड्या वाजविल्या. गाण्यातला नुसत्या तालवाद्यांचा तुकडा लोकांना अधिक आवडतो, हे त्याने हेरले होते. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तेवढाच तुकडा आलटून पालटून लांबवू लागला. आज जगभर गाजणारे हिप-हॉप संगीत येथून सुरू झाले, असे मानतात.

आता आपल्याजवळची एक कथा. मुंबईत चरणजित सिंग नावाचे वादक होते. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात गिटार व कीबोर्ड वाजविणे हा त्यांचा व्यवसाय; म्हणजे गाणे गाजे, पण वाजविणाऱ्याचे नाव कोणास ठाऊक नसे. त्यांनी जपानी रोलँड कंपनीची तीन विद्युत्-वाद्ये मिळविली. एक ठेके वाजविणारे, एक खर्जाची साथ करणारे आणि एक सुरांचे. या तिघांच्या साह्याने १९८२ साली त्यांनी तोडी, यमन, मालकंस असे दहा राग नाचाच्या ठेक्यावर बसविले. तबकडी निघाली, पण खपली नाही.

खर्जाच्या त्या यंत्राचेही नशीब तसेच. एकट्या वादकाला साथ मिळावी म्हणून ते केले होते. ते चालले नाही, म्हणून १९८४ साली बंद पडले आणि जुन्या बाजारात स्वस्त विकले जाऊ लागले. ते शिकागोतल्या काही तरुणांच्या हाती लागले. वाजत असताना त्याच्या कळा पिळल्या की आवाज विचित्र वळणे घेतो, हे त्यांच्या ध्यानात आले आणि १९८७ साली ‘अ‍ॅसिड हाउस’ या प्रकाराची तबकडी निघाली. पुढे एदो बाउमन या डच संग्राहकाला चरणजित सिंगांची तबकडी भारतात सापडली. २०१० साली तिची पुन्हा आवृत्ती निघाली, तेव्हा जग चकित झाले. शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत हे कोणी केले? सिंग तेव्हा सत्तरीच्या घरात होते. २०१५ साली ते वारले. आज ती तबकडी इंटरनेटवर घरबसल्या ऐकता येते. अवश्य ऐकावी.

यावरून मी एवढेच शिकलो, की यंत्र कारागिराचा शत्रू नसते. प्रश्न असतो तो यंत्र कोणाच्या हाती आहे आणि चालविणाऱ्याची काळजी कोण घेतो, हा. आपल्याकडे वरातीत खालूबाजा असे, पुढे बँजो आला, आता डीजे. दहा जणांची बिदागी दोघांवर आली, हे खरे. पण त्या दोघांचे तरी काय चालले आहे?

मूर्तींसाठी नावाजलेल्या पेणमध्ये एका विसर्जनाला मी टेंपोवरच्या मुलाशी बोललो. वय विशीचे, कानात कापसाचे बोळे. सहा तास स्पीकरांच्या पाठीशी उभा. त्याला पाहून मला आमचे एक जुने फिटर आठवले. एका कारखान्याच्या कॉम्प्रेसरघरात त्यांचा जन्म गेला. कानांसाठी साधन मागूनही मिळाले नाही. निवृत्तीनंतर ते म्हणत, ‘नात बोलते ते ऐकू येते, काय बोलते ते कळत नाही.’ गोंगाटाने बारीक आवाजांची जाण आधी जाते आणि गेली की ती परत येत नाही.

हिशेब सोपा आहे. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आवाजात आठ तास काम करावे. दर ३ डेसिबलला ध्वनीची शक्ती दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करावा. म्हणजे १०० डेसिबलला अवघा पाव तास. आपल्या २००० सालच्या नियमांत तर निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ ही मर्यादा घातली आहे. ती ऐकणाऱ्यासाठी. पण जो सर्वांत जवळ उभा, त्याचा विचार मिरवणुकीच्या बैठकीत कोणी करीत नाही.

नाच बंद करा, असे मी म्हणत नाही. दिवसभर राबणाऱ्याला नाचण्याचा हक्क आहे; तसाच शेजारच्या आजाऱ्याला झोपेचाही आहे. मंडळांनी आवाज उतरवावा, कापसाऐवजी कानांत बसणारी योग्य साधने द्यावीत, वाजविणाऱ्यांच्या पाळ्या लावाव्यात आणि मजुरी आधी ठरवावी. आणि पुढच्या खेपेस ‘डीजे कितीचा?’ असे विचारण्याऐवजी ‘डीजे कोण आहे?’ असे विचारावे. बाकीच्या सुधारणांना तेथूनच आरंभ होईल.